‘फक्त इंजिन गेलंय’

बंद पडायला आलेली गाडी धडधाकट म्हणून गळ्यात मारायची, ही जुनी तऱ्हा. जुन्या पोर्शेच्या बाजारात वेगळीच चालते. इथे विकणारा स्वतःहूनच सांगतो की इंजिन गेलंय. किंमत निम्म्यावर आलेली असते, रंग झकास असतो, सीटचं कातडं नव्यासारखं. एवढं मोकळेपणानं सांगणारा माणूस फसवणार कसा, असं घेणाऱ्याला वाटतं आणि तो तिथेच अडकतो. इंजिन गेलंय हे खरंच असतं. खोटं असतं ते गेल्याचं कारण.

हे सगळं लागू होतं ते 1996 ते 2008 मधल्या साध्या बॉक्स्टर, केमन आणि 911 ला, म्हणजे एम96 आणि एम97 इंजिनाच्या गाड्यांना. त्याच काळातल्या 911 टर्बो आणि जीटी3 चं इंजिन वेगळ्या घराण्याचं, आणि 2009 च्या मॉडेलपासून पुढे तिसऱ्या थापेत येणारं वादग्रस्त आयएमएस बेअरिंगच उरलं नाही. विकणारे यात मुद्दाम घोळ घालतात, म्हणून आधी इंजिन नंबर बघावा.

पहिली थाप धुराची. ‘एओएस फाटलाय, छोटा पार्ट आहे.’ एओएस म्हणजे इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा डबा. त्याचा पडदा फाटला की ऑइल थेट हवेच्या मार्गात ओढलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा ढग उठतो. हे खरोखर होतं आणि त्यामानानं स्वस्तात सुटतं, म्हणूनच थाप पचते. इंजिन चालू होत असेल तर आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ऑइल भरायचं झाकण उचलून बघा. ते आत जोरात खेचलं जात असेल आणि थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या घरात, ऑइल साचलं असेल तर एओएसचा संशय बरोबर. झाकण सहज निघतं, थ्रॉटल कोरडा आहे आणि तरी धूर निघतोय, तर दुखणं बहुधा सिलिंडरमध्ये आहे.

ते दुखणं म्हणजे बोअरला, सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडे. या इंजिनात लोखंडी स्लीव, म्हणजे अस्तर, नसते. ॲल्युमिनियमच्या भिंतीत सिलिकॉनचे कण बसवलेले असतात आणि पिस्टनच्या कडेला लेप असतो. लेप उडाला की पिस्टन भिंतीला खरवडतो. चार ते सहा नंबरच्या सिलिंडरांत, विशेषतः सहाव्यात, हे जास्त दिसतं, आणि 3.4 लिटरपासून वरच्या इंजिनांत अधिक. आवाज टिकटिक असा येतो, म्हणून दुसरी थाप तयार असते : ‘लिफ्टर वाजतोय.’ लिफ्टर म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा छोटा भाग. लिफ्टरची टिकटिक थंड इंजिनात येते आणि ऑइलचा दाब बसला की थोड्या वेळात जाते. ओरखड्याची टिकटिक इंजिन तापल्यावरही जात नाही. गाडी दाखवण्याआधी जाड ऑइल ओतलं की हा आवाजही दबतो.

कंप्रेशन टेस्टचा, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याचा, कागद समोर ठेवला जातो, त्याला भुलू नका. ओरखड्यांत ऑइल भरून फट बुजते आणि आकडे छान येतात. जी चाचणी दाखवायला विकणारा सर्वांत उत्सुक असतो, तीच इथे सर्वांत निरुपयोगी आहे. प्लग काढून बघा. एका बाजूचे तीन ऑइलनं काळे आणि दुसरे तीन कोरडे, हे 911 मध्ये सायलेन्सरच्या पाइपांवरूनही कळू शकतं. बॉक्स्टरमध्ये मात्र धूर मधोमध एकाच ठिकाणी निघतो, तिथे प्लगशिवाय इलाज नाही. मग बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा. पिस्टन खाली नेऊनच भिंत बघायची, कारण वरचा भाग बरेचदा स्वच्छ असतो. सर्वांत खात्रीचं म्हणजे ऑइल काढून, संपचं (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीचं) झाकण उतरवून खालून कॅमेरा घालणं.

तिसरी थाप सर्वांत महाग. ‘आयएमएस बेअरिंगच गेलंय, तेवढं बदललं की झालं.’ व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या चेनना फिरवणाऱ्या मधल्या शाफ्टच्या टोकाचं हे बेअरिंग. त्यावरून अमेरिकेत 2001 ते 2005 च्या गाड्यांच्या मालकांनी सामूहिक दावा लावला आणि 2013 मध्ये तडजोड झाली, त्यामुळे नाव सगळ्यांच्या कानावर असतं. पण बेअरिंग बदलणं हा ते फुटण्याआधीचा उपाय आहे. ते फुटलं की चेनचं टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि पोलादाचा चुरा ऑइलबरोबर क्रँकपासून (इंजिनच्या मुख्य शाफ्टपासून) ऑइल कूलरपर्यंत पोचतो. त्यानंतर नवं बेअरिंग बसवणं म्हणजे पैसे वाळूत ओतणं. अख्खं इंजिन खोलावं लागतं. अमेरिकेत नामांकित कारागिराकडून नीट बांधून घेतलेलं इंजिन 20,000 डॉलरच्या पुढे जातं. भारतात त्यावर आणण्याचा खर्च आणि आयात शुल्क.

ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडा आणि चुंबक फिरवा. चिकटणारा चुरा बहुधा बेअरिंगचा किंवा चेनचा, न चिकटणारी चकाकी बहुधा ॲल्युमिनियमची. तपकिरी प्लास्टिकचे तुकडे चेनच्या पट्ट्यांचे असतात, थोडे दिसले तर घाबरायचं कारण नाही. फिल्टर कोरा करकरीत निघाला तर तो तुमच्यासाठीच बदललाय असं समजा आणि संपचं झाकण उघडायला सांगा. तळाचा गाळ फिल्टरबरोबर जात नाही.

‘बेअरिंग आधीच बदललंय’ असं बिल दाखवलं तर वर्ष बघा. 2006 ते 2008 च्या मूळ इंजिनांत बेअरिंग केसच्या (इंजिनच्या बाहेरच्या कवचाच्या) भोकापेक्षा मोठं आहे, इंजिनचे दोन भाग केल्याशिवाय ते बाहेर येत नाही. अशा गाडीचं बिल फक्त गिअरबॉक्स उतरवल्याचं असेल तर बिल खोटं, किंवा इंजिन मूळचं नाही. इंजिन नंबरात ‘एटी’ असेल तर ते कंपनीचं बदली इंजिन, त्यात कोणतं बेअरिंग आहे हे उघडूनच कळतं.

बॅटरी काढून ठेवलेली असते, ‘चोरीच्या भीतीनं’. आपली बॅटरी घेऊन जा आणि दोष शोधणारं यंत्र लावा. कॉम्प्युटरमध्ये इंजिन किती तास चाललं आणि मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं, याची नोंद असते. घाईत पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडला की आरपीएम उसळतो आणि या नोंदीच्या सर्वांत वरच्या आरपीएमच्या रकान्यात आकडा चढतो. शेवटच्या तासात असा आकडा दिसला, तर बेअरिंगची कथा बंद. तासांना किलोमीटरनं ताडून बघा, मीटर मागे फिरवलेला असेल तर सरासरी वेग वेडावाकडा येतो.

इंजिन फिरतं का हे स्टार्टरनं कधीच बघू नये. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरवा. बॉक्स्टरमध्ये त्यासाठी सीटमागचं पॅनल काढावं लागतं. कुठे टणक अडलं तर तिथेच थांबा.

भारतात चौथी थाप पावसाळ्याची : ‘थोडं पाणी गेलं होतं.’ सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही, इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस होते आणि लिलावातून परत बाजारात येते. क्लेमचा इतिहास विमा कंपनीकडून काढायला सांगा, सीटखालचं कार्पेट उचला, वायरिंगच्या जोडांवर हिरवा गंज शोधा.

शेवटी गाडी लिफ्टवर घ्या आणि केस खालून पुसून बघा. ताजं सीलंट थापलेलं दिसलं तर त्याखाली रॉडनं पाडलेलं भोक असू शकतं. इंजिन बांधणारे कारागीर असं इंजिन जुन्याच्या बदल्यात घेत नाहीत, तेवढे पैसे वेगळे मोजावे लागतात. केसवरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळत नसेल तर टोकन द्यायच्या आधी विकणाऱ्याला आरटीओत नोंद करून आणायला सांगा.