उत्कृष्ट रक्कम ४,२०० रुपये

सोसायटीच्या नोटिशीत 'आउटस्टँडिंग अमाउंट ४,२००' असं होतं. सासूबाईंनी मोबाइलवरच्या फुकट डिक्शनरीत पाहिलं: 'उत्कृष्ट'! खूश झाल्या बिचाऱ्या. अ‍ॅप तसं टाकाऊ नाही, नेटशिवाय चालतं, अक्षर मोठं होतं. पण पहिलाच अर्थ ठळक. 'थकीत' चौथ्या ओळीत, तेही खाली सरकवलं तर. उदाहरणाचं वाक्य एकही नाही. शेजारी 'अमाउंट', 'ड्यूज' दिसलं की थकबाकी, 'परफॉर्मन्स' दिसला की शाबासकी, हे दोन वाक्यांत कळलं असतं. 'इंटरेस्ट'चंही तेच: आधी 'रस', मग 'व्याज'. कर्जाच्या कागदात कसला आलाय रस? मी जुना जाडजूड कोश पुन्हा माळ्यावरून काढलाय. अ‍ॅपला पाचपैकी दोन तारे, तेही स्पेलिंगपुरते.