इव्हेंट मार्केटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स: मोशीच्या पाच दिवसांत फी वसूल, पण रात्रीच्या कामाचं काय?

पुण्यात शनिवार-रविवारच्या बॅचला हा कोर्स केला, सहा महिने, फी ६० हजार. तक्रारी पण आहेत म्हणून इन्स्टिट्यूटचं नाव टाकत नाहीये, पण बीकॉम, बीएमएस करून या लाइनमध्ये यायचं म्हणणाऱ्या मुलामुलींना उपयोग होईल म्हणून जे झालं ते सगळं लिहिते.

आधी चांगलं सांगते. प्रॅक्टिकल म्हणजे खरंच प्रॅक्टिकल होतं. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं ना, तिथे एका ठिबक कंपनीच्या स्टॉलवर आमचा आठ जणांचा ग्रुप होता. मेन काम एजन्सीचंच, पण फॉर्म भरण्यापासून शेवटच्या दिवशी सामान टेम्पोत चढवेपर्यंत सगळीकडे आम्ही होतो. स्टॉल तीन बाय तीन मीटरचा, त्यात आठ जण उभे राहिले तर शेतकरी आत येणार कुठून, म्हणून चार-चारच्या दोन शिफ्ट लावल्या. पाणी चालू ठेवून ठिबकचा डेमो द्यायचा होता, त्याला मोटर लागते, आणि विजेचा लोड किती लागणार ते आधीच लिहून द्यावं लागतं. आम्ही लोड धरला फक्त लाइट आणि टीव्हीचा! कोर्सच्या सरांनी आम्ही भरलेला फॉर्म पाठवायच्या आधी परत आमच्यापुढे ठेवला आणि विचारलं, मोटर कशावर चालवणार? बस एवढंच. त्या दिवसापासून कुठलाही फॉर्म सही करायच्या आधी मी तीनदा वाचते.

पण खरं शिकायला मिळालं ते लीडच्या बाबतीत, लीड म्हणजे खरंच माल घेईल असं गिऱ्हाईक. पहिल्या दिवशी आम्ही ३१२ नावं गोळा केली, एकदम खूश, संध्याकाळी कोर्सच्या मॅडमना रजिस्टर दाखवलं. त्यांनी दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, "अगं हे मोबाइल नंबर झाले, लीड कुठंय यात?" पिशवी आणि कॅलेंडर फुकट मिळतंय म्हणून लोक नाव लिहून पुढे जात होते आणि आम्ही आकडा मोजत बसलो होतो. मग रात्री बसून रजिस्टरला नवीन रकाने पाडले, पीक कुठलं, किती एकर, पाणी विहिरीचं का बोअरचं का कॅनॉलचं, लावायचं कधी, आणि फोन केलेला चालेल का. दुसऱ्या दिवशी नावं आली फक्त १४०, पण त्यातल्या प्रत्येकाशी कमीत कमी पाच मिनिटं बोलणं झालेलं. सबसिडी मिळेल का हा प्रश्न तर दर दुसरा माणूस विचारतो, तिथे नुसतं हो मिळेल म्हणायचं नाही, अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या पोर्टलवर करावा लागतो, मंजुरी तिकडून येते, एवढंच सांगायचं, खोटी आशा लावायची नाही हे मॅडमनी बजावून सांगितलं होतं आणि मला ते फार पटलं.

माझं घर तासगावचं, आमची द्राक्षबाग आहे. मिरजेकडचे एक काका आले, बॅनरकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाले, "ताई, एकरी किती पैसे बसतील ते सांग, फेब्रुवारीत दीड एकर रूटस्टॉक लावायचंय." (रूटस्टॉक म्हणजे ज्यावर नंतर द्राक्षाचं कलम करतात ते खुंट.) मी त्यांना लगेच ए ग्रेड दिला, म्हणजे लवकर घेणारं पक्कं गिऱ्हाईक. मॅडमनी विचारलं का, तर मी सांगितलं की लावणीच्या आधी ठिबक अंथरलेलं पाहिजे, म्हणजे हे जानेवारीतच ठरवणार, मार्चमध्ये फोन करून काय उपयोग. मॅडमनी ते सगळ्या ग्रुपला परत सांगायला लावलं. प्रदर्शन संपल्यावर तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस त्या काकांच्या रानात माप घ्यायला गेला. मला तेव्हा कळलं की गर्दी जमवणं हे अर्धंच काम आहे, त्या गर्दीतलं कोण कधी विकत घेणार हे लिहून आणणं म्हणजे मार्केटिंग.

नंतर रिपोर्ट आम्हालाच बनवायला लावला. स्टॉलभाडं, प्रिंटिंग, प्रमोटर, गाडी, जेवण सगळा खर्च धरून एक ए ग्रेड लीड केवढ्याला पडली ते काढायचं. चार वेळा परत आला तो रिपोर्ट, चिडचिड झाली तेव्हा, पण आज तोच माझ्या कामाला येतोय, मी ज्या दोन इव्हेंट एजन्सींना इंटरव्ह्यू दिला त्यांनी सर्टिफिकेट बघितलंच नाही, रिपोर्टवर मात्र अर्धा तास प्रश्न विचारले.

परवानग्यांचे दोन तास पण चांगले होते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतलं सगळ्यांना माहीत असतं, पण इव्हेंटला रेकॉर्डेड गाणी वाजवायची तर त्याचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं हे वर्गातल्या निम्म्या लोकांना पहिल्यांदाच कळलं.

आता तक्रारी. थिअरीचे पीपीटी जुने आहेत, वाचून दाखवतात. डिजिटलला फक्त दोन रविवार दिले, आणि आजकाल इव्हेंटची नोंदणी अर्धी इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरूनच येते, मग हे कसं चालेल?

सगळ्यात मोठी तक्रार मॉलमधल्या प्रॅक्टिकलच्या कामाची. तिथला सेटअप मॉल बंद झाल्यावर रात्रीच करावा लागतो आणि सकाळी उघडायच्या आत सगळं तयार पाहिजे, ते कामच तसं आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण रात्री अडीचला काम संपल्यावर आम्हा तीन मुलींना घरी सोडायला गाडी नव्हती. हॉस्टेलचं गेट ११ ला बंद होतं, आम्ही मॉलच्या मागच्या गेटपाशी सिक्युरिटीच्या खुर्च्यांवर सकाळपर्यंत बसलो. हे शिकवण्यात बसत नाही. आणि पुढचे तीन वीकेंड त्याच मॉलमध्ये कूपन वाटायला उभं केलं, पैसे नाहीत, वर म्हणे अनुभव मिळतोय ना. पहिल्या दिवशी अनुभव होता हो, सहाव्या दिवशी ते फुकटचं काम होतं. १००% प्लेसमेंट लिहिलंय त्याचा अर्थ तीन इंटरव्ह्यू लावून देतात असा घ्या, नोकरी आपल्यालाच मिळवावी लागते.

मोशीच्या पाच दिवसांसाठी मी ह्या कोर्सला पाचपैकी साडेतीन देते. मॅडम आणि सर असतील त्या बॅचला घ्या, नाहीतर थांबा. आणि फी भरायच्या आधी दोन गोष्टी लेखी मागा, प्रॅक्टिकलचे दिवस नक्की किती आणि रात्रीच्या कामाला मुलींना घरापर्यंत गाडी देणार का. ह्या दुसऱ्या गोष्टीसाठी मी त्यांना दोनदा मेल केलाय, अजून उत्तर आलं नाहीये. आलं की इथेच टाकते.