रिस्ट्रिक्शन एन्झाइम की क्रिस्पर, बॅक्टेरियाला कुठलं जास्त कामाचं?

पुण्यात टीवायला मायक्रो घेतलेल्या पोरांना इकोआरवन हे रिस्ट्रिक्शन एन्झाइम (डीएनए ठरावीक जागी कापणारं प्रोटीन) पाठ असतं, डीएनएत जीएएटीटीसी ही अक्षरं दिसली की कापायचा आणि जेलवर तुकड्यांचे पट्टे बघायचे, पण मुळात हे बॅक्टेरियाचं फेजविरुद्धचं, म्हणजे बॅक्टेरियावर हल्ला करणाऱ्या व्हायरसविरुद्धचं हत्यार आहे हे मागेच पडतं. स्वतःच्या डीएनएवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाचा शिक्का असतो म्हणून तो वाचतो, बाहेरचा तुटतो. घोळ एवढाच की फेजच्या डीएनएवर चुकून तोच शिक्का बसला तर त्याची पुढची पिढी बिनधास्त सुटते आणि बॅक्टेरिया काही शिकत नाही.

क्रिस्पर ही बॅक्टेरियाची दुसरी संरक्षण यंत्रणा मात्र शिकते, आणि मला तेच जबरदस्त वाटतं! कॅस१ आणि कॅस२ ही प्रोटीन्स फेजच्या डीएनएचा साधारण ३० अक्षरांचा तुकडा बॅक्टेरियाच्याच जीनोममध्ये बसवतात, पुढच्या वेळी त्याची आरएनए कॉपी घेऊन तोच फेज शोधून कापला जातो, आणि ही आठवण पुढच्या पिढ्यांनाही मिळते. २००७ मध्ये दह्यातल्या स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलसवर हे सिद्ध झालं, तुकडा घातला की प्रतिकार आला, काढला की गेला. फेज एखादं अक्षर बदलून निसटतो हे खरंय, पण मग नवा तुकडा घेता येतो.

अगदी पहिल्या हल्ल्यात मात्र रिस्ट्रिक्शनच उपयोगी, आठवण तयार व्हायला आधी कोणीतरी वाचायला तर हवं ना, म्हणून बऱ्याच बॅक्टेरियात दोन्ही सापडतात.