पोलिश शिकायला पोलंड: विद्यापीठ, खासगी शाळा की उन्हाळी कोर्स?

पोलिश शिकायला पोलंडला जायचंय म्हटलं की एजंट 'स्टुडंट व्हिसा करून देतो' म्हणून मोकळा होतो. पण त्या नावाखाली तीन वेगळे रस्ते येतात. शिकाल तीच भाषा, मात्र कागदपत्रं, खर्च आणि कोर्सनंतरची वाट तिन्हींत निराळी.

पहिला रस्ता विद्यापीठाच्या पूर्वतयारी वर्षाचा. वूच शहरात (नकाशात 'लोड्झ' असं वाचाल) परदेशी विद्यार्थ्यांना पोलिश शिकवणारं विद्यापीठाचं केंद्र १९५२ पासून चालू आहे. असा कोर्स साधारण ऑक्टोबर ते जून चालतो, रोज तास असतात आणि भाषेबरोबर पुढच्या शाखेची परिभाषाही शिकवतात. यासाठी लागतो राष्ट्रीय म्हणजे डी व्हिसा, जास्तीत जास्त वर्षभराचा. पोलंडच्या कायद्यात पोलिश माध्यमाच्या पदवीआधीचा हा कोर्स शिक्षणातच मोडतो. त्यामुळे पुढे तिथेच राहण्याचा परवाना मागताना तुम्ही 'शिक्षण' या खान्यात बसता.

दुसरा रस्ता खासगी भाषाशाळेचा. फी कमी, प्रवेश बारा महिने चालू, बारावीच्या टक्क्यांबद्दल कोणी विचारत नाही. व्हिसा इथेही डीच, पण कारण 'इतर' या सदरात जातं, आणि खरी गोची इथे आहे. २०२३ मध्ये पोलंडमध्ये लाच घेऊन व्हिसे दिल्याचा घोटाळा गाजला, त्यानंतर नियम आवळले गेले. २०२५ पासून पदवीला प्रवेश घेतानाही शिकवण्याच्या भाषेची बी२ पातळी दाखवावी लागते (युरोपात भाषा किती येते ते ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत्या पायऱ्यांनी मोजतात). अशा वातावरणात आठवड्यातून चार-सहा तास, तेही शनिवार-रविवारी, असं लिहिलेलं प्रवेशपत्र पुढे केलं की अधिकाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: उरलेले पाच दिवस हा माणूस काय करणार?

उत्तर बहुतेकांच्या मनात तयार असतं: काम. तिथेच फसगत होते. वर्क परमिटशिवाय काम करण्याची सवलत पूर्णवेळ पदवी शिकणाऱ्यांसाठी आहे. भाषेच्या कोर्सवाल्यांनी ती गृहीत धरू नये, मग तो कोर्स विद्यापीठाचा का असेना. 'पार्ट टाइम करून फी सुटते' असं कोणी सांगितलं तर ते लेखी मागा, बघा किती जण देतात.

तिसरा रस्ता उन्हाळी शाळेचा. वॉर्सा विद्यापीठाचं पोलोनिकुम हे भाषाकेंद्र, क्राकुफचं यागिएलोनियन विद्यापीठ, लुब्लिन, चेशिन अशा ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये काही आठवड्यांचे कोर्स होतात. सकाळी व्याकरण, दुपारी शहर. यासाठी शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) अल्प मुदतीचा सी व्हिसा पुरतो: फी ९० युरो, निर्णय साधारण १५ दिवसांत (फार ताणलं तर ४५), अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. मुक्काम कुठल्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त नको. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर ही मोजणी टप्प्याटप्प्याने यंत्राकडे गेली आहे, तेव्हा 'शिक्का पुसट होता' ही सबब आता विसरा.

रस्ता कुठलाही असो, 'पोलिशच का?' हा प्रश्न चुकत नाही. 'मला युरोपीय संस्कृतीची आवड आहे' हे वाक्य गठ्ठ्याने लिहून दिलं जातं आणि ते कोणालाच पटत नाही. याउलट कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यावर काम करणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थिनीला पोलिश कागद वाचायचे असतील, तर तिचं कारण एका ओळीत उभं राहतं. पोलिश ऑफिसबरोबर रोज काम करणाऱ्या पुण्यातल्या सॉफ्टवेअर टेस्टरचंही तसंच. कारण मोठं नसलं तरी चालेल, तुमचं हवं. आणि पोलिश थोडी आधीच येत असेल तर ते दाखवा. दिल्ली विद्यापीठात पोलिश शिकवतात, ऑनलाइन शिक्षकही मिळतात. सात विभक्त्या ऐकून घाबरू नका, आपण शाळेत आठ घोकल्या आहेत.

माझं मत विचाराल तर नुसती भाषेची हौस असेल त्याने घरबसल्या ए२ पर्यंत जावं आणि मग उन्हाळी शाळा गाठावी. खर्च आटोक्यात राहतो, आणि नकार आलाच तर वर्ष वाया जात नाही. पोलिश माध्यमातून पदवी करायची असेल तर पूर्वतयारी वर्षाला पर्याय नाही. इथे एक गोष्ट एजंट क्वचितच सांगतात: पोलिश भाषेचं सी१ पातळीचं सरकारी प्रमाणपत्र असेल तर सरकारी विद्यापीठातल्या पूर्णवेळ पोलिश माध्यमाच्या अभ्यासक्रमाची फी परदेशी विद्यार्थ्यालाही माफ असते. पण शून्यापासून एका वर्षात सी१ होत नाही. नेटाने केलं तर बी१-बी२. म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाची तरी फी हिशेबात धराच. खासगी शाळा मी त्यालाच सुचवेन जो नोकरीमुळे किंवा जोडीदारामुळे आधीच पोलंडमध्ये राहतोय. पुढे नागरिकत्वासाठी किंवा दीर्घकालीन वास्तव्यासाठी लागणारं बी१ त्याला संध्याकाळच्या वर्गांत गाठता येतं आणि व्हिसाचा प्रश्नच येत नाही.

वेळेचं गणित मात्र तिघांचं सारखं नाही. उन्हाळी शाळेची तयारी जानेवारी-फेब्रुवारीत सुरू केली तरी जमतं. पूर्वतयारी वर्षासाठी प्रमाणपत्रांची राज्य पातळीवरची पडताळणी, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का), शपथबद्ध अनुवादकाकडून पोलिश भाषांतर, मग प्रवेशपत्र आणि शेवटी व्हिसाच्या अर्जाची अपॉइंटमेंट, अशी साखळी आहे. सगळ्यात जास्त ती अपॉइंटमेंटपाशी अडते. ऑगस्ट उजाडला आणि प्रवेशपत्र हातात नसेल, तर त्या ऑक्टोबरचा नाद सोडा आणि फी भरण्याआधी पुढच्या वर्षाचा प्रवेश मागून घ्या.