पिस्तुलासोबत मिळणारं केबल लॉक: मुलांपासून वाचवतं, पण बसवलं तर

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून पिस्तूल घेतलं, की डब्यात बहुतेक वेळा एक केबल लॉक असतं. हँडगन विकताना कुलूप किंवा कुलपाची पेटी देणं 2005 च्या संघीय कायद्याने दुकानदाराला सक्तीचं केलंय. ‘प्रोजेक्ट चाइल्डसेफ’ या शस्त्रसुरक्षा उपक्रमाची असलीच कुलपं कित्येक पोलीस ठाण्यांत फुकट मिळतात.

वस्तू साधी आहे: प्लॅस्टिकच्या आवरणातली साधारण 15 इंची पोलादी केबल आणि एक छोटं कुलूप. बोल्ट कटरने ती तुटते, तेव्हा चोर अडवायला तिचा भरवसा धरू नका. मुलाच्या हाती पिस्तूल लागलं तरी ते भरता येऊ नये, उडू नये, एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते.

घोळ होतो तो बसवताना. आधी मॅगझिन (मुठीतला काडतुसांचा डबा) काढा, मगच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढा. हा क्रम उलटा झाला, तर चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीतलं, काडतूस बाहेर पडतं आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं आत सरकतं. मालक मात्र पिस्तूल रिकामं समजतो. स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. मग रिकामं काडतूस जिथून बाहेर पडतं त्या खिडकीतून केबल आत घालून मॅगझिनच्या पोकळीतून खाली काढा आणि टोकं कुलपात अडकवा. आता स्लाइड पूर्ण मिटत नाही, मॅगझिनही बसत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर (काडतुसांचा फिरता भाग) बाहेर काढून रिकामा करा आणि केबल नळीतून ओवा.

ट्रिगर गार्डमधून (चापाभोवतीच्या कड्यातून) केबल ओवणं ही सर्रास दिसणारी चूक. त्याने पिस्तूल निकामी होत नाहीच, उलट भरलेलं असेल तर केबल ओढली जाऊन चाप दाबला जाऊ शकतो. किल्लीही त्याच ड्रॉवरमध्ये नको.

मुलांच्या हाती शस्त्र लागू न देण्याच्या कायद्याचं म्हणाल, तर ते राज्यागणिक बदलतं. असा पहिला कायदा 1989 मध्ये फ्लोरिडाने केला; तिथे प्रश्न भरलेल्या शस्त्राचा आणि 16 वर्षांखालच्या मुलांचा. टेक्ससमध्ये वयाची रेषा 17, कॅलिफोर्नियात 18. मॅसॅच्युसेट्समध्ये घरात मूल असो-नसो, ताब्यात नसलेलं शस्त्र कुलूपबंदच हवं. मिशिगनचा कायदा 2024 मध्ये लागू झाला. मालकांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट वेगळीच आहे: 2005 चा तोच कायदा मालकालाही थोडं संरक्षण देतो. परवानगीशिवाय कुणी हँडगन उचलून गैरवापर केला, तर नुकसानभरपाईच्या काही दाव्यांतून सूट मिळते, पण त्या वेळी कुलूप लावलेलं असलं तरच. पॅकबंद कुलपाचा उपयोग शून्य. फौजदारी खटल्यात ही सूट नाही.

पिस्तूल भरलेलंच हवं असेल, तर केबल लॉक घेऊच नका, पेटीच लागेल. बोटाच्या ठशाची पेटी घेतलीत तर सावध राहा. 2023 मध्ये ‘फोर्ट्रेस’च्या सुमारे 61,000 बायोमेट्रिक पेट्या परत मागवल्या गेल्या, कारण ठसा नोंदवला गेला नसेल तर त्या कुणाच्याही बोटाने उघडत होत्या. पेटी रिकामी असतानाच ठसा नोंदवा, मग घरातल्या दुसऱ्या माणसाचं बोट ठेवून ती उघडत नाही ना ते पाहा. बॅटरी बदलल्यावर हीच तपासणी पुन्हा करा.