जर्मनी की ऑस्ट्रेलिया? ऐरोलीच्या भाच्यासाठी

भाचा मेकॅनिकल झालाय, मास्टर्सला कुठे जावं यावर अडलाय. ठाण्यातला एजंट म्हणतो, "ऑस्ट्रेलियात बघा किती परदेशी मुलं!" खरंय. तिथे उच्चशिक्षणात साधारण चारात एक विद्यार्थी परदेशी, जर्मनीत आठात एक. पण हा काही दर्जाचा दाखला नाही. ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं परदेशी मुलांच्या फीवर बरीच अवलंबून आहेत, आणि एजंटला कमिशनही त्यातूनच.

पैशाचं बघू. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र सेमिस्टरला १५०० युरो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे एकदम पैसे काढता न येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, पण ते आपलेच: दरमहा ९९२ हातात येतात. ऑस्ट्रेलियात फी लाखांत, शिवाय नुसता व्हिसा अर्जच जुलै २०२४ मध्ये ७१० ऑस्ट्रेलियन डॉलरवरून १६०० वर गेला, वर्षभराने २०००. नाकारला तर पैसे गेले.

मेहनत जर्मनीत जास्त. आधी एपीएस प्रमाणपत्र (आपली कागदपत्रं खरी असल्याची जर्मन तपासणी), मग भाषा. कोर्स इंग्रजीत मिळेल, पण जर्मन न येता नोकरी शोधणं जड जातं. डिग्रीनंतर त्यासाठी १८ महिने मिळतात.

शिकताना काम: जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. फार फरक नाही.

घर गहाण टाकायचं नसेल आणि वर्षभर भाषेला द्यायची तयारी असेल, तर जर्मनी. ज्याच्याकडे पैशाची सोय आहे आणि ज्याला इंग्रजीतच निभवायचंय, त्याने ऑस्ट्रेलिया बघावा. भाच्याला मी जर्मनचा क्लास लावायला सांगितलंय.