ड्रिलवरचा लेथ की स्वतंत्र लेथ?

लेथ म्हणजे लाकूड गरगर फिरवत पटाशीने कातायचं यंत्र. घरात ड्रिल असलं की त्याला जोडायचा लेथचा सांगाडा मोहात पाडतो. खर्च कमी, जागा कमी. पटाशीची मूठ, भोवरा, बुद्धिबळाची प्यादी एवढंच कातायचं असेल तर तो चालतोही.

पण ड्रिल मुख्यतः सरळ पुढून येणारा दाब सोसायला बनवलेलं असतं. कातताना पटाशी लाकडाला बाजूने रेटते. हा भार रोज पडला की बेअरिंग ढिलं होतं आणि लाकूड थरथरायला लागतं. मग पटाशी कितीही धारदार असो, लाकडाच्या अंगावर बारीक वळ्या उमटतातच. पॉलिश पेपर घासून त्या सहजी जात नाहीत. शिवाय ड्रिल तासन्तास सलग चालवलं की तापतं.

टेबलावरच्या छोट्या लेथचं खरं भांडवल म्हणजे त्याचं बिडाचं वजन. ते थरथर गिळून टाकतं. 10 इंची वाडग्याचा ओबडधोबड ठोकळा मिनिटाला 500 फेऱ्यांच्या आसपास फिरवायचा, पेनाची कांडी 2500ला. हा पल्ला इथे मिळतो. ‘स्विंग 10 इंच’ म्हणजे लाकडाचा कमाल व्यास, अक्षापासून खालच्या बेडपर्यंतचं (लेथच्या आडव्या पायापर्यंतचं) अंतर 5 इंचच, हे घेताना ध्यानात असू द्या.

वाडगे करायचे असतील तर ड्रिलच्या वाटेला जाऊच नका, असं मी ठामपणे सांगेन. लेथ घेताना त्याची सगळ्यात कमी गती आधी विचारा. आणि पटाश्या, धारेचा ग्राइंडर, चेहरा झाकणारी ढाल यांचे पैसे बाजूला ठेवूनच बजेट ठरवा.